हेंड्रिक्सचा खण पुन्हा ऐकताना: बिघाड कुठला, आवृत्ती कुठली

प्रश्न थोडक्यात असा. घरच्या संग्रहात अमेरिकी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या आठ एलपी, पाच-सहा कॅसेट आणि डझनभर सीडी आहेत. बऱ्याच वर्षांनी सगळं क्रमाने ऐकायचं ठरलं. टर्नटेबल नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला. पहिल्याच बैठकीत चार तक्रारी निघाल्या: गाणी रेंगाळत, खालच्या सुरात वाजतात, काही गाण्यांत ड्रम एकाच स्पीकरमधून येतात, ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’च्या सीडीवर गाण्यांचा क्रम विस्कटलाय, आणि दोन अल्बम ‘हा तो वाटतच नाही’ असे आहेत. सुई बदलायची की टर्नटेबलच विकून टाकायचा?

दोन्ही नको. चारपैकी फक्त पहिली तक्रार यंत्राची आहे. उरलेल्या तीन हातातल्या आवृत्तीच्या आहेत, आणि कितीही महागडी सुई लावली तरी त्या जाणार नाहीत. हेंड्रिक्सच्या बाबतीत हा घोळ ठरलेला, कारण त्याच्या हयातीत तीन स्टुडिओ अल्बम, एक लाइव्ह आणि एक संकलन एवढंच रीतसर निघालं. १८ सप्टेंबर १९७० ला तो गेला आणि त्यानंतर जे निघायला लागलं ते आजवर थांबलेलं नाही.

आधी वेग. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. टर्नटेबलची मोटर एसी सिंक्रोनस जातीची असेल तर ती विजेच्या फ्रिक्वेन्सीवरच फिरते, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी २७.८ फेरे. सूर तीन सेमीटोनांहून (अर्ध्या सुरांहून) थोडा जास्तच खाली येतो. पेटीवर पाहायचं तर ‘हे जो’ पांढरी तीनमध्ये संपायला हवं, ते काळी एकच्याही किंचित खाली संपेल. घरी लावलेला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला हातही लावत नाही; त्यामुळे ‘ट्रान्सफॉर्मर तर लावलाय’ हे उत्तर इथे चालत नाही. बटण ४५ वर टाकूनही भागत नाही, तेव्हा ३७.५ फेरे होतात आणि सगळे घाईत गातात. उपाय दोनच: त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळवून बसवायची (जिथे पट्टा चढतो तिथला व्यास मूळच्या १.२ पट असतो), किंवा मोटरला ६० हर्ट्झ तयार करून देणारा स्पीड कंट्रोलर घ्यायचा. अडॅप्टरवर चालणारी डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर हा प्रश्नच येत नाही. तिथे सैल पडलेला पट्टा किंवा वेगाचा स्क्रू तपासा.

दुरुस्ती झाल्यावर वेग स्ट्रोब तबकडीवर (वेग मोजायच्या रेषा छापलेली चकती) बघा. आपल्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० रेषांचं वर्तुळ स्थिर दिसायला हवं. २१६ रेषांचं वर्तुळ अमेरिकेसाठी असतं. नवे एलईडी दिवे बऱ्याचदा लुकलुकतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या उजेडात रेषा नुसत्या पुसट दिसतात. अंधार करून जुन्या स्विचबोर्डावरचा लाल निऑन इंडिकेटर तबकडीजवळ धरला तरी काम होतं. एक टक्क्याची चूक म्हणजे १७ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनाचा शंभरावा भाग), गिटार सोबत वाजवणाऱ्याला ती खटकते. ०.३ टक्क्यांच्या आत आलात की थांबा. बारीक जुळवणीसाठी मात्र हेंड्रिक्सची रेकॉर्ड वापरू नका. पहिला अल्बम बहुतांशी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहे, पण दुसऱ्यापासून तो तारा अर्धा सूर उतरवून वाजवतो. ‘लिटल विंग’मध्ये बोटं ई मायनरची आहेत आणि ऐकू येतं ते काळी दोनमधलं. त्यात बिघाड काही नाही.

आता एका बाजूच्या ड्रमचं. पहिला अल्बम चार ट्रॅकच्या टेपवर झाला. चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढची वाद्यं भरायची, अशी ती पद्धत. एकदा एकत्र झालेले ड्रम आणि बेस नंतर वेगळे करता येत नाहीत. स्टिरिओ मिक्स करताना तो आख्खा गठ्ठा डावीकडे किंवा उजवीकडे ठेवण्यावाचून फारसा पर्याय नसतो. खात्री करायची असेल तर कुठलीही मोनो रेकॉर्ड लावा. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहिला तर कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) आणि वायरी ठीक आहेत. तीही एका अंगाला झुकली तर अ‍ॅम्प्लिफायरमागच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करून पाहा. झुकाव बाजू बदलत असेल तर दोष टर्नटेबलकडचा आहे: हेडशेलच्या (कार्ट्रिज जिथे बसते त्या टोकाच्या) चार बारीक वायरी, काळवंडलेल्या पिना किंवा अँटिस्केट (सुईची आत ओढ तोलणारी जुळवणी). बाजू बदलली नाही तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर.

म्हणूनच ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’ मोनोत ऐकावा. इंग्लंडमध्ये मे १९६७ मध्ये ट्रॅक रेकॉर्ड्सने तो मोनोतच काढला होता. अमेरिकेत रिप्राइज कंपनीने ऑगस्टमध्ये काढला तेव्हा ‘रेड हाउस’, ‘कॅन यू सी मी’ आणि ‘रिमेंबर’ ही तीन गाणी वगळली, ‘पर्पल हेझ’, ‘हे जो’ आणि ‘द विंड क्राइज मेरी’ ही इंग्लंडमधली सिंगल्स आत घातली आणि क्रमही बदलला. तेव्हा कव्हर उलटून गाण्यांची यादी पाहा: पहिलं गाणं ‘फॉक्सी लेडी’ असेल तर घडण इंग्लंडची, ‘पर्पल हेझ’ असेल तर अमेरिकेची. अलीकडच्या बहुतेक सीडींवर दोन्हीकडची आणि सिंगल्सच्या मागच्या बाजूंची मिळून सतरा गाणी असतात. ‘रेड हाउस’ची एक गंमत आहे: अमेरिकी ‘स्मॅश हिट्स’ या संकलनावरचं ‘रेड हाउस’ हे इंग्लंडच्या अल्बमवरचं नव्हेच, तो निराळा टेक आहे. दुहेरी समजून यातली एखादी प्रत काढून टाकू नका. आणि ज्या कव्हरवर मोनोचं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केल्याचं छापलंय ती प्रत ऐकण्यासाठी बाजूला ठेवा. त्यात एका कानाला जाड आणि दुसऱ्या कानाला पातळ आवाज दिलेला असतो, मूळ माहिती तीच. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबून निम्मा त्रास जातो.

रिप्राइजच्या एलपींचा काळ लेबलवरून ढोबळमानाने कळतो. गुलाबी, सोनेरी आणि हिरवं असं तिरंगी लेबल १९६७ आणि १९६८ च्या सुरुवातीचं. नारिंगी-तपकिरी दुरंगी त्यानंतरचं. सगळं फिकट तपकिरी सत्तरच्या दशकातलं. लेबल जुनं म्हणून आवाज चांगला असं मात्र नसतं. पार्टीत जड सुईखाली घासून निघालेल्या तिरंगीपेक्षा जपलेली तपकिरी केव्हाही सरस.

‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ मात्र स्टिरिओतच ऐका, इथे मोनोचा हट्ट नको. १ डिसेंबर १९६७ ला इंग्लंडमध्ये आलेला हा अल्बम इंजिनिअर एडी क्रेमरने लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत स्टिरिओसाठीच रचल्यासारखा आहे. पहिल्याच ‘ईएक्सपी’मध्ये खोटी रेडिओ मुलाखत होते आणि मग गिटारचा फीडबॅक एका स्पीकरमधून दुसऱ्यात गरागरा फिरतो. कनेक्शन सैल झालंय असं वाटून इथे अनेक जण वायरी हलवायला उठतात. बसून राहा. शेवटच्या ‘बोल्ड अ‍ॅज लव्ह’मध्ये ड्रमनंतर सगळ्या आवाजावर जी लाट चढते तो स्टिरिओ फेजिंगचा परिणाम, मोनोत तो निम्माही उरत नाही.

याच अल्बमची पहिली बाजू काहीशी धूसर वाटली तर तेही स्वाभाविक. पूर्ण झालेली पहिल्या बाजूची मास्टर टेप हेंड्रिक्स टॅक्सीत विसरला आणि ती मिळाली नाही. एका रात्रीत ती बाजू पुन्हा मिक्स करावी लागली. ‘इफ ६ वॉज ९’ काही केल्या मनासारखं जमेना, तेव्हा बेसवादक नोएल रेडिंगकडची जुनी प्रत आणली. ती चुरगळलेली होती म्हणून इस्त्री फिरवून वापरली. त्या गाण्याचा पोत शेजारच्या गाण्यांपेक्षा खरखरीत का, याचं उत्तर त्या इस्त्रीत आहे.

आणि कव्हर. मराठी घरातल्या माणसाला ते लगेच ओळखू येतं: गीतेच्या अकराव्या अध्यायातलं विश्वरूपदर्शन. आपल्याकडे देवघराच्या भिंतीवर असतं तसं छापील चित्र घेऊन त्यात चित्रकार रॉजर लॉने हेंड्रिक्स, रेडिंग आणि ड्रमवादक मिच मिचेल या तिघांचे चेहरे बसवले. हेंड्रिक्सला स्वतःला ते पटलं नव्हतं. त्याच्या घराण्यात अमेरिकेतल्या मूलनिवासींचा वारसा होता, त्याला तो ‘इंडियन’ हवा होता. लंडनवाल्यांनी भलताच धरला.

‘इलेक्ट्रिक लेडीलँड’च्या सीडीत तर क्रम खरोखरच चुकलेला आहे आणि त्याचं कारण एलपीत सापडतं. हा ऑक्टोबर १९६८ चा जोडअल्बम. त्या काळी चेंजरवर रेकॉर्डी एकावर एक रचत. पहिली संपली की दुसरी खाली पडायची, मग गठ्ठा उलटा करून उरलेल्या बाजू ऐकायच्या. त्या सोयीसाठी एका तबकडीवर पहिली आणि चौथी बाजू आणि दुसरीवर दुसरी आणि तिसरी अशी जोडणी असे. ऐंशीच्या दशकातल्या युरोपीय दोन-सीडी आवृत्तीत कुणीतरी तबकड्या जशाच्या तशा उतरवल्या. त्यामुळे पहिल्या सीडीवर बाजू एक आणि चार, दुसरीवर दोन आणि तीन. फटका सगळ्यात जास्त बसतो तो ‘रेनी डे, ड्रीम अवे’ला. तिसरी बाजू या गाण्याने उघडते आणि चौथी बाजू त्याच्याच उत्तरार्धाने, ‘स्टिल रेनिंग, स्टिल ड्रीमिंग’ने. चुकीच्या क्रमात उत्तरार्ध आधी वाजतो आणि पूर्वार्ध दुसऱ्या सीडीवर. सीडी टाकू नका. संगणकावर उतरवून १, २, ३, ४ असा बाजूंचा क्रम लावा. सगळं मिळून ७५ मिनिटांच्या आसपास भरतं, एका सीडीतही बसतं.

या अल्बमवर जरा रेंगाळा. पहिल्या बाजूचं पंधरा मिनिटांचं ‘व्हूडू चाइल’ आणि चौथीच्या शेवटचं ‘व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)’ हे न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लँटमध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत झालं. पहिल्यात स्टीव्ह विनवुडचा ऑर्गन आणि जॅक कॅसडीचा बेस आहे, दुसऱ्यात त्याचे नेहमीचे दोघे. एकापाठोपाठ एक ऐकलं तर एकच बीज दोन वेगळ्या जमिनींत कसं उगवतं ते दिसतं. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’मध्ये अ‍ॅकूस्टिक गिटार डेव्ह मेसनची आणि बेस हेंड्रिक्सनेच वाजवलेला. ‘क्रॉसटाउन ट्रॅफिक’मध्ये गिटारच्या ओळीला चिकटून जे चिरकतं ते वाद्य म्हणजे कंगवा आणि कागद.

परके वाटणारे दोन अल्बम ‘क्रॅश लँडिंग’ आणि ‘मिडनाइट लाइटनिंग’ असणार, दोन्ही १९७५ चे. निर्माता अ‍ॅलन डग्लसने हेंड्रिक्सचा आवाज आणि गिटार ठेवली, मूळ साथीचे बरेच भाग काढले आणि त्याच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कच्या सेशनवादकांकडून नव्याने भरून घेतले. ड्रम कसे घड्याळासारखे चालतात ऐका. मिच मिचेल असा कधी वाजवायचाच नाही, तो गिटारशी भांडत वाजवतो. १९९५ च्या ‘व्हूडू सूप’मध्येही दोन गाण्यांवर नंतरचे ड्रम आहेत. कुतूहल म्हणून ठेवा, त्यावरून हेंड्रिक्सचं मोजमाप करू नका. कॅसेटमध्ये आणखी एक जात सापडेल: कव्हरवर त्याचा मोठा फोटो आणि गायक कर्टिस नाइट. ते त्याच्या साथीदारीच्या काळातलं काम. १९६५ मध्ये त्याने एक डॉलर घेऊन ज्या करारावर सही केली त्यातून ते निघालं, आणि त्याच कराराची भरपाई म्हणून पुढे ‘बँड ऑफ जिप्सीज’ हा लाइव्ह अल्बम कॅपिटॉल कंपनीला द्यावा लागला.

क्रम रेकॉर्डिंगच्या काळाने लावा, प्रकाशनाच्या नको. आधी ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’ आणि सुरुवातीची तीन सिंगल्स. मग ‘बर्निंग ऑफ द मिडनाइट लँप’ एकटं. ते लेडीलँडवर असलं तरी ऑगस्ट १९६७ चं सिंगल आहे, आणि वाह पेडल (गिटारचा सूर ‘वाऽह’ असा उघडझाप करणारं पायाचं यंत्र) तिथेच पहिल्यांदा ठळक येतो. मग ‘अ‍ॅक्सिस’, मग ‘लेडीलँड’. नंतर वुडस्टॉक महोत्सवातला कार्यक्रम, १८ ऑगस्ट १९६९ ची सकाळ. मग ‘बँड ऑफ जिप्सीज’: १ जानेवारी १९७० ला फिलमोर ईस्टमध्ये झालेल्या कार्यक्रमांतली सहा गाणी, त्यातलं ‘मशीन गन’ बारा मिनिटांहून मोठं. ते लावलं की फोन लांब ठेवा. शेवटी १९९७ चा ‘फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन’. १९७१ च्या ‘द क्राय ऑफ लव्ह’ची दहाही गाणी त्यात आहेत, त्यामुळे सीडीत दोन्ही असतील तर ऐकायला एक पुरे. ‘ब्लूज’ (१९९४) कुठेही चालेल.

दोन आवृत्त्या ताडून पाहताना आवाजाची पातळी आधी सारखी करा. नवी सीडी बहुधा मोठ्याने वाजते, आणि मोठं वाजणारं कानाला नेहमीच बरं वाटतं. प्लेअरमधलं रीप्लेगेन (पातळी आपोआप सारखी करणारी सोय) लावलं की हा पक्षपात जातो.

रेकॉर्डी लावण्याआधी धुवा. आपल्या पावसाळ्यात कव्हर आणि खाचांत बुरशी बसते. पांढऱ्या तंतूंसारखी किंवा ठिपक्यांसारखी दिसते आणि सुईखाली सलग चरचर करते. ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनवासाच्या भांड्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. साबण राहिला तर तोच पुढे सुईवर गोळा होतो. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. लाखेच्या ७८ च्या जुन्या तबकड्यांना हे मिश्रण अजिबात लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते. कव्हर कोरड्या ब्रशने बाहेर झटका, पातळ पीव्हीसीच्या आतल्या पिशव्या फेकून पॉलिथीनच्या घाला, आणि रेकॉर्डी उभ्याच ठेवा.

सुई झिजलीय का हे हेंड्रिक्सच्या गिटारवरून कळत नाही, फझ (मुद्दाम फाटवलेला गिटारचा आवाज) आणि बिघाड कानाला सारखेच. गाण्यातला ‘स’ आणि हायहॅट (ड्रममधली जोडझांज) ऐका, बाजूच्या शेवटच्या गाण्यात. पहिल्या गाण्यात स्वच्छ आणि शेवटच्यात फाटत असेल तर कार्ट्रिजचा कोन तपासा. सगळीकडे फाटत असेल तर सुई किंवा रेकॉर्ड झिजलेली. वजन कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या मध्यावर ठेवा. कमी वजनाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, उड्या मारणारी सुईच खाचा कुरतडते. एलिप्टिकल सुई साधारण ३०० तास धरा.

कॅसेट लावण्याआधी पुढे-मागे एकदा पूर्ण गुंडाळा आणि मध्यावरचा स्पंजचा तुकडा जागेवर आहे ना पाहा. तो गळला असेल तर आवाज दबका येतो. हेड अल्कोहोलने पुसूनही झांजा ऐकू येईनात तर मोनो करून हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवा, आवाज सर्वांत उजळ होईल तिथे थांबा.

संगणकावर उतरवताना फोनो प्रीअँपमधून यूएसबी इंटरफेसमध्ये जा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको. २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. आख्खी बाजू एका दमात घ्या, तुकडे नंतर. लेडीलँडच्या तिसऱ्या बाजूला गाणी एकमेकांत वाहतात, तिथे फेड न देता कापा आणि फ्लॅकमध्ये (आवाज न घटवणारी फाइल) ठेवा. एमपी३ जोडावर बारीक फट टाकते. पातळी बाजूची एकदाच ठरवा, गाण्यागणिक नको. आणि क्लिक काढण्याचं फिल्टर सबंध फाइलवर फिरवू नका. ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’ हे गाणं उलट्या टेपच्या खरखरीनेच सुरू होतं. फिल्टर ती धूळ समजून खातं, वर स्नेअरची धार बोथट करतं. खरे टिचके हाताने शोधून एकेक काढा. फाइल उघडलीच आहे तर त्याच गाण्याचा सोलो निवडून रिव्हर्स करा: त्याने बोटांनी वाजवला होता तसा सरळ ऐकू येईल. ‘थर्ड स्टोन फ्रॉम द सन’मधलं जड बोलणं दुप्पट वेगाने लावलं तर परग्रहवासीयांचा संवाद कळतो.

टॅगमध्ये अल्बमच्या नावापुढे ‘इंग्लंड मोनो’, ‘अमेरिका स्टिरिओ’, ‘१९९७ सीडी’ असं लिहा आणि शेवटच्या रिकाम्या खाचेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात टाका. नाहीतर दोन ‘रेड हाउस’ शेजारी येतील आणि सॉफ्टवेअर एक दुहेरी म्हणून पुसून टाकेल.